उतारवयातील कातळारोहण आणि चातुर्मासाची तालीम

अहिल्यानगर जिल्ह्याचा लौकिक, जुन्या नावाने म्हणा वा नव्या, कोरडवाहू जमीन, साखर कारखाने आणि अवर्षण यांनी घडविलेला आहे. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला जो अकोले तालुका आहे, तेथे सह्याद्रीने आपले सर्वांत उंच माथे उभारले असून, महाराष्ट्रातील सर्वोच्च असे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड, त्याच्या शेजारचा खुटा नावाचा सुळका, आणि नागाच्या फण्याप्रमाणे पुढे झुकलेला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, एवढी दौलत एकट्या या तालुक्याच्या आसमंतात साठलेली आहे. पाथर्डी-जामखेडकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात त्या दिवसांत घाटघर आणि रतनवाडी येथे पाऊस दिवसचे दिवस उसंत घेत नाही, आणि कातळ शेवाळाने इतका निसरडा होतो की दोर बांधून चढणाऱ्यांनी घरीच बसावे. ही सक्तीची विश्रांती आमच्या वयाच्या माणसांना किती उपकारक आहे, हे समजण्यास मला बरीच वर्षे लागली, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर निवून बनलेला बेसाल्ट होय. त्याचे थर आडवे असल्यामुळे कड्याचा एक उभा पट्टा चढून गेले की गवताची अरुंद माची लागते, तिच्यावर घसारा असतो, आणि पुन्हा वर दुसरा पट्टा उभा असतो. यात हाताला मिळणारी पकड म्हणजे बहुधा थराच्या कडेची आडवी खाच, उभी भेग, नाहीतर पूर्वजांनी खोदून ठेवलेली खोबणी. आणि यांपैकी पहिल्या दोहोंचा भरवसा हात लावल्याखेरीज धरता येत नाही. म्हणून येथील जाणता आरोहक प्रत्येक पकडीवर मुठीने ठोकून आवाज ऐकतो, खणखणीत आला तर भार देतो आणि बद्द आला तर हात सरकवतो. झेप घेऊन दूरची पकड गाठण्याची जी शैली कृत्रिम भिंतींवर शोभते, ती या कातळावर अविवेकाची ठरते, कारण ज्या दगडावर आपण झेपावणार तो कड्याला चिकटलेला आहे की केवळ टेकलेला आहे हे झेपेनंतरच कळते.

पंचविशीत मी या कातळाला प्रथम हात लावला आणि आता साठीचा उंबरठा जवळ आला आहे. चार वर्षांपूर्वी एका परिचित पट्ट्यावर, जो मी पूर्वी पन्नासदा तरी चढलो असेन, उजव्या पायाखालची पायरी फिरली. दोर वरून लावलेला होता, सबब इजा झाली नाही, केवळ तीन-चार फूट खाली येऊन लोंबकळलो. परंतु जे घडले त्याचा विचार मी पुढे कित्येक रात्री करीत होतो. दोन्ही हात चांगल्या पकडींवर होते; त्या पकडींवर मी स्थिर लटकून राहू शकतो हे मला ठाऊक होते; तरीही पाय सुटताच हातांनी जे आवळायला हवे होते ते त्यांनी वेळेवर आवळले नाही. ताकद होती, पण ती पोचेपर्यंत बोटे सुटलेली होती.

पदार्थविज्ञानाने या दोन गोष्टी केव्हाच निरनिराळ्या केलेल्या आहेत. किती भार उचलता किंवा पेलता येतो ही ताकद. आणि तोच भार किती थोड्या वेळात हलविता येतो, म्हणजे बल आणि वेग यांचा गुणाकार, ही शक्ती. तालमीतील माणसे दुसरीला झपाटा म्हणतात, आणि मीही येथे तोच शब्द वापरतो. वयोमान या दोहोंवर सारखा कर बसवीत नाही. इंग्लंडात ६५ ते ८९ या वयाच्या शंभर निरोगी स्त्री-पुरुषांची मोजमापे घेऊन १९९४ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ताकद दर वर्षी एक ते दोन टक्क्यांनी उणावते तर पायांचा झपाटा सुमारे साडेतीन टक्क्यांनी, असे आढळले. तिसरी गोष्ट जी दम, ती तर या दोहोंपेक्षा पुष्कळच चिवट आहे. नवरात्रात बारी गावाहून कळसूबाईच्या दर्शनाला लोखंडी शिड्यांवरून चढणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना याचा वेगळा दाखला नको. त्या न थांबता चालतात. आणि आपणही त्यांच्याप्रमाणे चालू शकतो या समाधानात डोंगरात जाणारा पन्नाशीचा माणूस आपला झपाटा कधी ओसरला याची नोंदच ठेवीत नाही.

हे का घडते ते समजून घेण्यास महसूल खात्याची व्यवस्था फार उपयोगी पडते. मेरुरज्जूतून निघणारा प्रत्येक प्रेरक चेतातंतू हा एक तलाठी समजावा आणि त्याच्या हुकमतीतील स्नायुतंतू ही त्याच्या सजातील गावे समजावी. काही तलाठ्यांकडे थोडी आणि संथ गावे असतात. ही कामे हळू करतात पण थकत नाहीत. काहींकडे पुष्कळ आणि चपळ गावे असतात; ही हुकूम सुटताच धावतात आणि लवकर दमतात. साठीच्या सुमारास हे तलाठी एकामागून एक निवृत्त होऊ लागतात, त्यांच्या जागी नवी नेमणूक होत नाही, आणि त्यांतही चपळ गावांचे तलाठी अधिक प्रमाणात जातात. उघडी पडलेली गावे काही काळ बेवारस राहतात. त्यांतील काहींचा अतिरिक्त कार्यभार शेजारचा संथ तलाठी घेतो, आणि मग ती गावेही त्याच्याच चालीने वागू लागतात. उरलेली ओसाड पडतात. मांसाच्या या ऱ्हासाला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले, आणि तेव्हापासून म्हातारपणाचा अटळ भाग म्हणून दुर्लक्षिलेली ही गोष्ट वैद्यकाच्या दप्तरात स्वतंत्रपणे नोंदली गेली.

नवे तलाठी नेमण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु जे हजर आहेत त्यांना एकदम कामास लावणे, त्यांच्या हुकमांची गती वाढविणे आणि उरलेल्या गावांची भरभराट करणे हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे, आणि त्याला वयाची मुदत असल्याचे अद्याप आढळलेले नाही. १९९० साली बोस्टन येथील वृद्धनिवासातील सरासरी नव्वद वर्षांच्या दहा अशक्त स्त्री-पुरुषांना मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूंसाठी जड भार उचलण्याचा आठ आठवड्यांचा क्रम दिला. क्रम पुरा करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पहिल्या काही आठवड्यांतील अशी वाढ बहुतांशी चेतासंस्थेची असते, स्नायू नंतर भरतो. पण ज्याला दोरावर लटकायचे आहे त्याला ती कोठून आली याच्याशी कर्तव्य नाही. स्वित्झर्लंडचे मार्सेल रेमी यांनी २०१७ साली वयाच्या ९४ व्या वर्षी ‘मिरवार द लार्झांतीन’ या सुमारे साडेचारशे मीटरच्या कातळभिंतीचे आरोहण आपल्या पुत्रासमवेत केले, हे उदाहरण तर आम्हा सर्वांच्या मनात कोरलेले आहे. असे उदाहरण नियम होत नाही. परंतु नियमाची हद्द आपण समजतो त्याहून किती पुढे आहे एवढे ते निश्चित दाखविते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. झपाट्याची तालीम करावी असे म्हटले की तरुण आरोहकांच्या डोळ्यांपुढे ‘कॅम्पस बोर्ड’ येतो. वोल्फगांग ग्युलिश या जर्मन आरोहकाने १९८८ च्या सुमारास न्युरेंबर्गच्या व्यायामशाळेत ही झुकती, पट्ट्यापट्ट्यांची फळी वापरात आणली. पायांचा आधार न घेता बोटांनी एका पट्टीवरून दुसरीवर झेपावत जाणे ही तिची रीत, आणि १९९१ मध्ये ग्युलिशने जे ‘अ‍ॅक्सिओं दिरेक्त’ नावाचे अद्भुत आरोहण केले त्याची पूर्वतयारी तिच्यावरच झाली. पण पन्नाशीनंतर ती फळी टाळावी असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या बोटांची रचना पाहावी: बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच, ते आहेत कोपराखाली, तेथून निघालेल्या कंडरा बोटांच्या हाडांना कप्पीसारख्या आडव्या पट्ट्यांनी जखडलेल्या असतात, आणि बोटे मुडपून लहानशी खाच धरली की त्या पट्ट्यांवर बोटाच्या टोकावरील भाराच्या कित्येक पट ताण येतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. या पट्ट्यांना आणि कंडरांना महिने लागतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली, अणुचाचण्यांच्या काळात वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून, टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षानंतर जवळजवळ नव्याने घडतच नाही असे दाखवून दिले. बोटांच्या कंडरा याला सर्वस्वी अपवाद असतील असे मानण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणजे साठीचा माणूस ज्या दोऱ्यांवर लटकतो त्यांचा पीळ मिसरूड फुटण्याच्या वयात घातला गेला आहे. त्या दोऱ्यांना हिसका देऊन चालत नाही, त्यांना भार हळूहळू सोपवावा लागतो.

मग झपाटा आणावा कोठून? तर कातळावर आणि बोटांवर नव्हे, जमिनीवर आणि मोठ्या सांध्यांवर: खांदे, पाठ, नितंब आणि मांड्या यांतून. आणि या कामी आपल्या तालमीची जुनी वहिवाट, जी नगरसारख्या शहरात अजून पुरती मोडलेली नाही, ती परदेशी यंत्रसामग्रीपेक्षा काही बाबतींत सरस आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत बाळंभटदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, त्याच्या लाकडी खांबाला एरंडेल चोपडतात, जेणेकरून घर्षण नियंत्रित राहते आणि पकड स्नायूंनी ठेवावी लागते. दोरीच्या मल्लखांबात दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून सर्व अंगाचा तोल सांभाळावा लागतो. या विद्येतील कसरती साठीत नव्याने शिकाव्या असे मी म्हणणार नाही. पण जाड सुती दोर दोन्ही हातांनी धरून, पाय जमिनीवर ठेवून, मागे रेललेले शरीर झटक्यात वर ओढायचे आणि तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली सोडायचे, एवढा एकच प्रकार पाच वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून तीन फेऱ्या, हा माझ्या अनुभवात वयस्क आरोहकाला मिळू शकणारा सर्वोत्तम झपाट्याचा व्यायाम आहे. जाड दोरामुळे पूर्ण पंजा कामास लागतो, एखाद्या पेरावर भार येत नाही. पायांचा आधार किती घ्यायचा हे दर वेळी ठरविता येते. आणि थकवा येऊन वेग मंदावला की तेथेच थांबायचे, कारण मंद झालेली आवर्तने झपाटा शिकवीत नाहीत. मुद्गल फिरविण्याने खांद्याच्या खोल स्नायूंची निगा राहते, जोर काढल्याने सतत ओढण्याच्या कामाला उलट बाजूचा तोल मिळतो, आणि बैठका उतरणीवर गुडघ्यांना वाचवितात; यांविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही, फक्त शंभर सैल बैठकांपेक्षा खांद्यावर वजन घेऊन काढलेल्या आठ बैठका आपल्या कामाच्या आहेत, एवढे ध्यानात असावे.

पावसाळ्यात कातळ बंद असतो असे आरंभी म्हटले. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचे हे चार महिने मी गेली काही वर्षे तालमीचे वर्ष समजतो, आणि त्याची वाटणी अशी करतो. आषाढ व श्रावणाचा पूर्वार्ध केवळ कंडरांचा. दाराच्या चौकटीवर सुताराकडून सागवानाची, कडा गोल केलेली, दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी बसवून घेतली आहे. तिच्यावर बोटे न मुडपता, पाय जमिनीवर ठेवून, निम्म्याहून अधिक भार पायांवर ठेवीत दहा-दहा सेकंद लटकायचे; दिवसाआड, आणि वेदना झाली तर त्या दिवशी पुन्हा नाही. हे इतके हलके असते की तरुण मंडळींना हसू येते, पण या पाचेक आठवड्यांत घाई करणारे भाद्रपदात बोट बांधून बसलेले मी पाहिले आहेत. श्रावणाच्या उत्तरार्धापासून भाद्रपदअखेर ताकदीचा काळ: आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर, पट्टीवर दहा सेकंदांच्या पाच लटकण्या, प्रत्येकीनंतर तीन मिनिटे विश्रांती, भार इतका की बारा-तेरा सेकंद राहता आले असते, आणि दांडीवर ओढण्याच्या चार-पाच आवर्तनांच्या तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी अजून एखाद-दुसरे आवर्तन शक्य होते अशा ठिकाणी सोडलेल्या. दर चौथ्या आठवड्याला भार निम्म्यावर आणायचा. शरीराने केलेला जमाखर्च त्या आठवड्यात मिटतो. आश्विन हा झपाट्याचा महिना. लटकण्या आठवड्यातून एकदाच, ताकद राखण्यापुरत्या, आणि वर सांगितलेली दोरावरील ओढ, एक पाऊल उंच ठोकळ्यावर झटक्यात चढणे, दोन-तीन किलो वाळूची पिशवी छातीपासून भिंतीवर फेकणे, एवढेच. ज्या वर्षी श्रावण वा भाद्रपद अधिक येतो त्या वर्षी तो महिना कंडरांना द्यावा, ताकदीला नव्हे.

मुठीच्या ताकदीची मासिक नोंद ठेवणे उपयुक्त आहे. भारतासह सतरा देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार प्रौढांच्या पाहणीत, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मुठीची ताकद पाच किलोने कमी असणाऱ्यांत मृत्यूचा धोका सोळा टक्क्यांनी अधिक आढळला. याचा अर्थ मूठ आवळल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. मूठ ही सबंध देहाच्या बळाची पावती आहे, एवढाच.

स्त्रियांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण डोंगरात जाणाऱ्या पन्नाशीच्या स्त्रियांना आजही हलकी वजने आणि पुष्कळ आवर्तने असा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो त्यांच्यावर अन्याय करतो. ऋतुनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, आणि हाड भाराखेरीज बळावत नाही. ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाडे विरळ झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास खरोखर जड भार उचलला, एका दमात पाचच वेळा उचलता येईल असा. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, तर घरच्या घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. देखरेख हा त्यातील महत्त्वाचा शब्द आहे. रक्तदाब असणाऱ्या कोणीही, स्त्री असो वा पुरुष, वैद्याची अनुमती घेतल्याशिवाय जड भाराला किंवा लटकण्याला हात घालू नये, आणि जोर लावताना श्वास कोंडून धरू नये. लटकलेल्या अवस्थेत श्वास कोंडला की रक्तदाब धोकादायक रीतीने उसळतो.

आहाराच्या बाबतीत वयाची मागणी उलटी असते: भूक कमी होते आणि प्रथिनांची गरज वाढते, कारण म्हातारा स्नायू तेवढ्याच प्रथिनांना तरुण स्नायूइतका प्रतिसाद देत नाही. देहाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सत्तरच्या आसपास, आणि तीही तिन्ही जेवणांत विभागून, हा साधारण हिशेब. आपल्या भाकरी-पिठल्याच्या जेवणात ती पुरत नाहीत. पण अकोल्याच्या डोंगराळ गावांत हुलग्याचे जे माडगे आणि उसळ करतात, त्या कोरड्या हुलग्यांत शंभर ग्रॅममागे बावीसच्या आसपास प्रथिने असतात, आणि त्याला दूध वा अंड्याची जोड दिली की बाजारातील डब्यांची गरज उरत नाही. वजन घटविले की चढणे सोपे होते हे खरे, पण उतारवयात उपासाने घटविलेल्या वजनात मांसाचा वाटा मोठा असतो, सबब तो सौदा महाग पडतो.

एवढे सगळे करूनही कडा कोणाच्या बळाचा मुलाहिजा राखीत नाही. सह्याद्रीतील कित्येक वाटा ज्यांनी प्रथम उघडल्या ते अरुण सावंत, अनुभव आणि कौशल्य यांत ज्यांची बरोबरी फार थोडे करतील, जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावर दोराने उतरण्याच्या मोहिमेत, साठीच्या वयात, मृत्यू पावले. त्यांचे नाव मी येथे अतीव आदराने घेतो. तालीम ही कड्याच्या धारेवर स्वतःला बांधून घेण्याच्या शिरस्त्याची जागा घेऊ शकत नाही. तिचे काम फार तर पाव सेकंदाचे आहे, पायाखालची पायरी फिरल्यापासून बोटे आवळेपर्यंतचे.

कार्तिकी एकादशी उलटली की घसाऱ्यावरचे गवत पिवळे पडू लागते आणि सकाळी नऊच्या सुमारास कातळ कोरडा मिळतो. पहिल्या दिवशी मी तीस-चाळीस फुटांचा ओळखीचा पट्टाच घेतो, वरून दोर लावून, आणि अर्धा तास आधी खालच्या दगडांवर बोटे ऊन करून; बोटे मुडपून धरायची पकड त्या दिवशी वापरीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात मूठ मिटून पाहतो. पेरे ताठ असतील तर आणखी दोन दिवस गावात, चावडीच्या ओट्यावर, उन्हात बसून काढतो.